अण्णांचा तोल आणि रक्तातला एम-बँड

पत्र असं आहे:

'डॉक्टर, नमस्कार. आम्ही सांगली जिल्ह्यातले. मी नोकरीसाठी पुण्यात असते, आई-वडील आणि भाऊ-वहिनी गावी. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. वय ६८, ऊस आणि थोडी हळद अजून स्वतः बघतात. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या, मग तळपाय बधिर झाले. कापसावर चालल्यासारखं वाटतं म्हणतात. दुखत काही नाही. दिवसा बरे असतात, पण रात्रीच्या लाईटला पाणी पाजायला गेले आणि बांधावरून दोनदा पडले. सकाळी बेसिनपाशी तोंडाला साबण लावला की पुढे झुकतात. एकदा नळावर कपाळ आपटलं. वर्षभर हातही थरथरतात. चहा बशीत ओतताना सांडतो, सदऱ्याची बटणं आई लावून देते.

एका डॉक्टरांनी कंपवात सांगितला. सहा महिने गोळ्या घेतल्या, काडीचा फरक नाही. आता मेंदूविकार तज्ज्ञांनी नसांची तपासणी आणि रक्ताच्या बऱ्याच चाचण्या केल्या. शुगर नॉर्मल, बी-१२ पण नॉर्मल (मधे गावात त्याची इंजेक्शनं झाली होती). रिपोर्टमध्ये "एम-बँड ०.६ ग्रॅम, आयजीएम कप्पा" असं आलंय. आता रक्तविकार तज्ज्ञांकडे पाठवलंय, ते हाडातला मगज तपासू म्हणतात आणि रिटुक्सिमॅब नावाच्या इंजेक्शनबद्दल बोलले. गावात सगळीकडे झालंय की अण्णांना ब्लड कॅन्सर आहे. वहिनीने रक्तात प्रोटीन वाढलंय म्हणून डाळ आणि अंडी बंद केली. रक्तातल्या प्रोटीनचा पायांशी काय संबंध? हा कॅन्सर आहे का? इंजेक्शन घ्यावं का? आम्हा भावंडांना होईल का? आणि अण्णा म्हणतात, काहीही झालं तरी यंदाची वारी चुकवणार नाही. काय करावं?'

ताई, नमस्कार.

अण्णांची डाळ आणि अंडी आजच सुरू करा. वहिनींचा हेतू चांगला आहे, पण रिपोर्टमधलं प्रोटीन आणि ताटातलं प्रोटीन यांचा काही संबंध नाही. एम-बँड म्हणून जे दिसतंय ते अण्णांच्या शरीराने स्वतः बनवलेलं प्रतिपिंड, म्हणजे अँटीबॉडी आहे. डाळ बंद करून ते तसूभरही कमी होणार नाही. मांडीचे स्नायू मात्र झडतील, आणि तोल जाणाऱ्या माणसाला ते परवडत नाही.

पत्रावरून निदान करता येत नाही. तरीही बांधावरचं पडणं आणि बेसिनवरचं झुकणं या तुमच्या दोन ओळींनी मला जेवढं सांगितलं तेवढं कित्येकदा जाडजूड फायलीही सांगत नाहीत. सरळ उभं राहायला मेंदूला तीन ठिकाणांहून खबर लागते. एक डोळ्यांकडून, एक आतल्या कानाकडून, आणि एक तळपाय-घोट्यांतून नसांवाटे वर येणारी. अण्णांची तिसरी खबर क्षीण झाली आहे. दिवसा ते तिची भरपाई डोळ्यांनी करतात. चालताना त्यांची नजर सारखी पायांकडे असते का, आईंना विचारून पाहा. अंधार झाला किंवा साबणासाठी डोळे मिटले की ती भरपाईही जाते आणि शरीर कलतं. बर्लिनचे डॉक्टर मॉरिट्झ रॉम्बर्ग यांनी एकोणिसाव्या शतकात गरमीच्या, म्हणजे सिफिलिसच्या, रुग्णांत हेच पाहिलं होतं. पाय जुळवून, डोळे मिटून उभं करायची त्यांच्या नावाची तपासणी आम्ही आजही रोज करतो. शेतीची लाईट रात्री येते, त्यामुळे आपल्याकडच्या कितीतरी शेतकऱ्यांची ही तपासणी बांधावरच होते आणि घरचे म्हणतात, वय झालं.

आता कंपवात. हात थरथरले की कंपवात, हे समीकरण इतकं पक्कं बसलंय की पुढची चौकशीच होत नाही. कंपवातात, म्हणजे पार्किन्सनमध्ये, हात बहुधा मांडीवर निवांत पडलेला असताना हलतो, सुरुवात एका बाजूने होते, काही धरायला गेलं की थरथर कमी होते. माणूस संथ होतो, पावलं आखूड पडतात, चालताना एक हात झुलायचा थांबतो. अण्णांचे दोन्ही हात थरथरतात, आणि तेही बशी धरली, बटण लावायला घेतलं की. पावलं बहुतेक फाकवून, जमिनीवर आपटत टाकत असतील. सहा महिने नीट डोस घेऊनही गोळीचा उपयोग झाला नाही, हीही एक खूणच आहे. मात्र त्या गोळ्या स्वतःहून एकदम बंद करू नका. नव्या डॉक्टरांना विचारून टप्प्याटप्प्याने कमी करा.

रक्ताचा पायांशी काय संबंध, हा प्रश्न तुम्ही अगदी बरोबर विचारलात. संसर्गाशी लढायला आपल्या पांढऱ्या पेशींच्या हजारो वेगवेगळ्या फळ्या हजारो तऱ्हेची प्रतिपिंडं बनवत असतात. कधीकधी, उतारवयात जास्त करून, त्यातली एकच फळी गरजेपेक्षा वाढते आणि एकाच साच्याचं प्रतिपिंड रक्तात सोडत राहते. इलेक्ट्रोफोरेसिस नावाच्या चाचणीत रक्तातली प्रथिनं विजेच्या प्रवाहाने वेगवेगळी केली जातात; त्यात या एकसारख्या प्रतिपिंडाचा ठळक पट्टा उठतो. तोच एम-बँड. त्याच्या पुढची इम्युनोफिक्सेशन चाचणी तो कोणत्या जातीचा ते सांगते. अण्णांचा आयजीएम जातीचा आणि कप्पा साखळीचा निघाला (प्रतिपिंडातली छोटी साखळी कप्पा किंवा लॅम्बडा अशा दोनपैकी एका प्रकारची असते).

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे रॉबर्ट काइल यांनी अशा रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि १९७८ साली या अवस्थेला एमजीयूएस, म्हणजे 'ज्याचा अर्थ अजून ठरलेला नाही असा पट्टा', हे नाव दिलं. त्यांच्याच गटाने पुढे मिनेसोटातल्या एका काउंटीतल्या लोकांची रक्तं तपासली, तेव्हा पन्नाशीच्या पुढच्या शंभरात साधारण तिघांना आणि सत्तरीच्या पुढच्या शंभरात पाचांना असा पट्टा सापडला. त्यातल्या बहुतेकांना तो आहे याचा पत्ताही नसतो आणि आयुष्यभर त्रासही होत नाही. म्हणूनच सावध राहावं लागतं. पट्टा इतक्या सर्रास सापडतो की मधुमेहाने किंवा बी-१२ अभावी पाय बधिर झालेल्या माणसाच्या रक्तातही तो योगायोगाने असू शकतो. पट्टा दिसला म्हणजे गुन्हेगार सापडला, असं धरता येत नाही.

अण्णांच्या बाबतीत मात्र संशयाला चांगली जागा आहे. आयजीजी जातीचा पट्टा नसांच्या दृष्टीने बऱ्याचदा नुसता बघ्या असतो. आयजीएमचं तसं नाही. आयजीएम पट्टा आणि नसांचा विकार ज्यांना एकत्र असतो त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांत ते प्रतिपिंड नसांवरच्या मायलिन वेष्टणातल्या मॅग नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतं. १९८०च्या सुमारास हे न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा लक्षात आलं. नसेचा बारीक तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की वेष्टणाचे एकमेकांना घट्ट चिकटलेले थर सुटे झालेले दिसतात. शरीरातल्या सगळ्यात लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून सुरुवात तिथे होते आणि वर्षं घेत घोट्यापर्यंत, पोटरीपर्यंत चढते. साठीच्या पुढचे पुरुष, दुखणं फारसं नाही, ताकद बरीच शाबूत, पण जाणीव आणि तोल गेलेला, आणि पुढे हातांना थरथर: तुम्ही अण्णांचं जे वर्णन केलंत ते या आजाराशी खूप जुळतं.

०.६ हा आकडा छोटा आहे म्हणून कुणी 'एवढ्याशाने काय होतंय' म्हणालं तर ऐकू नका. मॅगवर बसणारं प्रतिपिंड थोडंसं असलं तरी नसा बिघडवतं. नेहमीच्या तपासणीत एकूण प्रोटीन नॉर्मल येतं आणि अशा रुग्णांची वर्षं वाया जातात ती याचमुळे. तुमच्या डॉक्टरांनी मुद्दाम शोधलं हे त्यांचं श्रेय.

थरथरीबद्दल थोडं सांगतो, कारण रक्तातल्या गोष्टीने हात का हलावेत हे लोकांना पटत नाही. वेष्टण विस्कटलं की नसेतून जाणारा संदेश मंदावतो. हात कुठे आहे ही खबर लहान मेंदूकडे उशिरा आणि वेडीवाकडी पोहोचते, आणि तो तिच्यावरून दुरुस्तीचा हुकूम सोडतो तोपर्यंत हात पुढे गेलेला असतो. अण्णा वारकरी आहेत, त्यांना असं सांगा: भजनात मागच्या रांगेतले टाळ अर्धी मात्रा उशिरा पडायला लागले आणि पुढचे त्यांना सावरायला गेले, की सगळा ठेका डुगडुगतो. कंपवातात मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन कमी पडतं, त्याचा इथे संबंध नाही, म्हणून कंपवाताच्या गोळीने हा हात थांबत नाही. कंप थांबवण्याच्या इतर गोळ्याही इथे जेमतेमच लागू पडतात. जड पितळी पेला, दोन कानांचा कप, सदऱ्याला बटणांऐवजी वेल्क्रो यांचा उपयोग गोळीपेक्षा जास्त होतो. चहा अर्धा कप ओतायचा. बशी सुटली तर सुटली.

तरी माझ्या मते तुमच्या पत्रात एक चौकशी अर्धवट राहिली आहे, ती बी-१२ची. इंजेक्शनं झाल्यावर मोजलं की बी-१२ नॉर्मलच येणार. इंजेक्शनांच्या आधी मोजलं होतं का? तो कागद गावातल्या दवाखान्यातून शोधून काढा. नसेलच, तर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक आम्ल (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारे पदार्थ) यांची चाचणी करावी का हे डॉक्टरांना विचारा. पुण्यात केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुरुषांची रक्तं तपासली तेव्हा निम्म्याहून जास्त जणांत बी-१२ कमी निघालं होतं. आपल्या भागात हे कारण नीट खोडल्याशिवाय दुसऱ्या कशावर बोट ठेवू नये, आणि बी-१२ची कमतरता भरून काढणं स्वस्तही आहे. थायरॉइड, दारू, गरमीची व्हीडीआरएल चाचणी हेही बघून झालं असेल. झालं नसेल तर संकोच न करता विचारा.

तसंच अण्णांच्या उशाशी असलेला गोळ्यांचा डबा उघडून बघा. 'नसांच्या ताकदीच्या' म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांत बी-६ भरपूर असेल आणि त्या महिनोन् महिने चालू असतील, तर त्यानेच जाणिवेच्या नसा खराब होतात आणि तोल जातो. शिसं, पारा, आर्सेनिक असलेली भस्मं तर नसांना थेट घातक आहेत; कुणी ओळखीच्या वैदूने पुड्या दिल्या असतील तर त्या थांबवा. आणि दुखत नसताना नुसत्या बधिरपणासाठी प्रीगॅबालिन किंवा गॅबापेन्टिन दिलं असेल तर ते कशासाठी हे विचारा. ती औषधं जळजळ-ठणका यांवर चांगली, पण बधिरपणा घालवत नाहीत. वर गुंगी आणतात, आणि तोल गेलेल्या माणसाला गुंगी म्हणजे आणखी एक पडणं.

कॅन्सर आहे का? तुम्ही दिलेल्या आकड्यावरून आत्ता तरी तसं म्हणायला आधार नाही. पट्टा ३ ग्रॅमच्या आत, मगजात बिघडलेल्या पेशी दहा टक्क्यांच्या आत, आणि रक्तक्षय, वाढलेल्या गाठी वा प्लीहा, अशा पेशींमुळे होणारा दुसरा त्रास नाही, तर ते एमजीयूएस. त्यातून वर्षाला साधारण शंभरात एकाचा आजार पुढे सरकतो. आयजीएम जातीचा सरकलाच तर बहुधा वाल्डेनस्ट्रॉम नावाच्या आजाराकडे जातो. स्वीडनच्या यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी १९४४ साली त्याचं वर्णन केलं. तो लिम्फोमाचा संथ प्रकार आहे आणि त्यावर उपचार आहेत. मगजाची तपासणी त्यासाठीच सुचवली आहे, आणि अण्णांच्या बाबतीत ती करावी असं मलाही वाटतं. कमरेच्या मागच्या हाडावर भूल देऊन सुई घालतात, काही मिनिटांत होतं, एकदा खोलवर ओढल्यासारखी कळ येते, त्याच दिवशी घरी जाता येतं. त्या नमुन्यावर एमवायडी८८ या जनुकातला बदल शोधता येतो. वाल्डेनस्ट्रॉमच्या दहापैकी नऊ जणांत तो सापडतो आणि आयजीएम एमजीयूएसच्याही बऱ्याच जणांत, म्हणून एकट्या त्या बदलावरून घाबरायचं नाही. रिपोर्ट निवांत आला तर सुरुवातीला सहा महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा रक्त तपासायचं. गावाला काय सांगायचं? 'रक्तातल्या एका प्रतिपिंडाने नसा खराब झाल्या असाव्यात, तपास चालू आहे' एवढं पुरे. खरं तेवढंच आहे.

काही लक्षणं मात्र अशी आहेत की ती दिसली तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. बधिरपणा-अशक्तपणा आठवड्यांत झपाट्याने वाढणं, पाय जळजळणं, वजन उतरणं, उभं राहिल्यावर घेरी, लघवीला फेस, धाप, जीभ जाड होणं. यामागे अॅमिलॉइडोसिस, म्हणजे बिघडलेलं प्रथिन अवयवांत साचण्याचा आजार, असू शकतो, आणि तिथे वेळ फार मोलाची असते. नाकातून वारंवार रक्त, डोळ्यांपुढे धूसर, डोकं जड, सुस्ती, हे आयजीएम फार वाढून रक्त घट्ट झाल्याचं लक्षण असू शकतं, ०.६ ला ते होत नाही, पण पुढच्या वर्षांसाठी लक्षात ठेवा. इंटरनेटवर पोएम्स नावाचा आणखी एक भयंकर वाटणारा आजार तुम्हाला सापडेल. त्यात पट्टा जवळजवळ नेहमी लॅम्बडा साखळीचा असतो, अण्णांचा कप्पा आहे. ती पानं बंद करा.

आता इंजेक्शन. रिटुक्सिमॅब त्या प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींच्या पूर्वज पेशी मारतं. तर्काने ते अचूक औषध आहे. प्रत्यक्षात चित्र मध्यम आहे. अमेरिकेत २६ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निकाल २००९ साली आले. औषध मिळालेल्या १३ जणांतले ४ चालण्यात सुधारले, खोटं औषध मिळालेल्या १३ जणांत एकही नाही. २०१३ साली फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमधल्या ५४ रुग्णांच्या चाचणीत ठरवलेल्या मुख्य मोजमापात फरक पडला नाही, काही इतर मोजमापांत थोडा दिसला. एकूण अनुभव असा की तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत रुग्णांना काही ना काही फायदा होतो, तोही महिन्यांनी, आणि पुष्कळदा 'वाढणं थांबलं' एवढाच. बधिर तळपाय पुन्हा पहिल्यासारखे होतील, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

म्हणून माझं मत असं, की एम-बँडच्या आकड्यासाठी हे औषध घ्यायचं नाही. आकडा कमी झाला म्हणजे पाय सुधारतीलच असं नाही. निर्णय अण्णांच्या चालण्यावरून आणि हातांवरून घ्यायचा. गेल्या वर्षभरात उतार स्पष्ट असेल, काठीशिवाय घरात फिरता येत नसेल, घास तोंडाशी नेता येत नसेल, तर एकदा प्रयत्न करायला हरकत नाही. तीन वर्षांत हळूहळू आणि एवढंच झालं असेल, तर सहा महिने नीट मोजमाप करत थांबणं हाही उपचारच आहे, आणि मी असतो तर बहुधा तोच निवडला असता. तुमच्या रक्तविकार तज्ज्ञांनी रुग्णाला पाहिलंय, मी नाही. त्यांचं मत वेगळं असेल तर का, हे त्यांना विचारा. विचारलेलं चांगल्या डॉक्टरांना आवडतं.

घ्यायचं ठरलंच तर आधी हिपॅटायटिस-बीची तपासणी झालीच पाहिजे, नुसत्या एका चाचणीची नव्हे, जुन्या संसर्गाची खूण दाखवणारी कोअर अँटीबॉडीसुद्धा. यकृतात दबलेला विषाणू या औषधाने उसळतो आणि जिवावर बेततं. लसी घ्यायच्या असतील तर आधी उरकायच्या, कारण नंतर त्या नीट लागू होत नाहीत. पहिल्या डोसनंतर काही जणांत आयजीएम तात्पुरतं वाढतं आणि तोल आणखी बिघडतो. हे आधी माहीत असलं म्हणजे घरचे घाबरून अर्ध्यात सोडत नाहीत. खर्चाचं म्हणाल तर हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ साली याचं देशी रूप बाजारात आणल्यापासून ते मूळ औषधापेक्षा बरंच स्वस्त मिळतं. त्यासाठी परदेशी ब्रँडचा हट्ट नको. स्टिरॉइडच्या गोळ्या एकट्या या आजारात कामाच्या नाहीत. महागडी इम्युनोग्लोब्युलिनची (दात्यांच्या रक्तातून काढलेल्या प्रतिपिंडांची) बाटली चढवून झाला तर थोडे आठवडे फायदा होतो. त्यासाठी जमीन गहाण टाकू नका.

खरी लढाई घरात आहे. अण्णांना या आजाराने नाही, तर पडून खुबा मोडल्याने अंथरुण धरावं लागेल, ही मला जास्त भीती वाटते. खाटेपासून मोरीपर्यंत रात्रभर दिवा हवा. मोरीत भिंतीला पक्का गज, आंघोळीला स्टूल, आणि तोंड धुणं बसून. गुळगुळीत शहाबादी फरशीवर सांडलेलं पाणी लगेच पुसायचं. पायात मागे पट्टा असलेले सँडल. साधी चप्पल बधिर पायातून कधी निसटली कळत नाही. आंघोळीचं पाणी आईंनी हात घालून बघायचं, गरम पाण्याची पिशवी आणि थंडीतली शेकोटी पायांजवळ नको. रोज रात्री तळपाय आणि बोटांच्या बेचक्या डोळ्यांनी तपासायच्या, काटा टोचलेला त्यांना कळणार नाही. काठी घ्यायला लाजत असतील तर सांगा की काठी आधारापेक्षा खबर द्यायला आहे: जमीन कुठे आहे ते पायाऐवजी हाताला कळतं. जवळच्या फिजिओथेरपिस्टकडून तोलाचे व्यायाम शिकून घ्या आणि ते भिंतीशी, कुणीतरी शेजारी असतानाच करा.

रात्रीचं पाणी बंद. मोटर मोबाईलवरून चालू-बंद करायचा स्टार्टर बसवा आणि पाण्याची दारं मोडायला, म्हणजे सरीतलं पाणी वळवायला, भावाला किंवा गड्याला पाठवा. विहिरीचा काठ अंधारात नको म्हणजे नको. मोटरसायकलही ठेवून द्या. ब्रेकवर पाय किती पडलाय हे ज्याला कळत नाही त्याने ती चालवू नये. यावर अण्णा चिडतील. ही गोष्ट मुलीपेक्षा डॉक्टरांच्या तोंडून गेलेली बरी, तेव्हा पुढच्या भेटीत त्यांच्यासमोरच विचारा.

वारीला मी सरसकट नाही म्हणणार नाही. आळंदी ते पंढरपूर पूर्ण वाट, अनवाणी, यंदा नको. दिवे घाटाच्या पुढे, लोणंद-फलटणकडच्या सपाट रस्त्यावर एखाद-दोन मुक्काम, दिवसाउजेडी, काठी घेऊन, भाऊ किंवा गावचा कुणी धडधाकट माणूस बाजूला, आणि दमले की दिंडीच्या ट्रॅक्टरवर बसायचं, या अटीवर जाऊ द्या. चालण्यापेक्षा मुक्काम धोक्याचा. तंबूचे ताणलेले दोर आणि खुंट्या रात्री दिसत नाहीत, पहाटे अंधारातच सगळी पांगापांग होते. झोपायची जागा कडेला घ्या, टॉर्च गळ्यात अडकवा, रात्री उठायचं तर भावाला उठवूनच. संध्याकाळी मोजे काढून फोड आलेत का ते दुसऱ्याने बघायचं, कारण बधिर पायाला फोड दुखत नाही आणि तो चिघळल्यावरच लक्षात येतो. चंद्रभागेत डुबकी घेताना माणूस डोळे मिटतो, पायाखाली वाळू सरकत असते. तिथे दोन्ही बाजूंनी धरलेलं असावं, नाहीतर काठावर तांब्याने आंघोळ. माउलींना चालतं.

तुम्हा भावंडांना होईल का, याचं उत्तर छोटं आहे. हा आईबापाकडून मुलाला जाणारा आजार नाही. जवळच्या नातेवाइकांत पट्टा सापडायची शक्यता जास्त असते, पण त्रास काही नसताना तुम्ही तपासणी करून घ्यायची गरज नाही.

पुढच्या भेटीला जाताना तीन गोष्टी न्या. इंजेक्शनांच्या आधीचा बी-१२चा कागद, घरात चालू असलेल्या झाडून सगळ्या औषधांची पाकिटं, आणि अण्णांचे मोबाईलवर काढलेले दोन व्हिडिओ: एक अंगणात सरळ चालत जाऊन वळून येतानाचा, एक कपातून बशीत चहा ओततानाचा. तसेच व्हिडिओ दर तीन महिन्यांनी त्याच जागी काढा, इंजेक्शनाचा निर्णय त्यांच्यावरून घेता येईल. डॉक्टरांना विचारा की मॅगविरोधी प्रतिपिंडाची चाचणी पाठवली आहे का. नमुना बहुधा मोठ्या शहरातल्या लॅबला जातो, निकालाला वेळ लागतो. तो आणि मगजाचा रिपोर्ट हाती आला की मला पुन्हा लिहा. तोवर रिटुक्सिमॅबची तारीख घेऊ नका.